परिच्छेद तीन

गालाला साबण लावलेल्या माणसाला काही करता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मालवणच्या बाजारात बाळाचं सलून आहे. तिथे टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर, म्हणून खुर्चीत बसलेल्याला तो समोरच्या आरशात दिसतो. अक्षरं उलटी, बातमीची पट्टी डावीकडून उजवीकडे पळणारी. मी ती वाचायच्या भानगडीत पडत नाही. पण आवाज उलटा होत नाही. दिल्लीहून परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते बोलत होते. ताब्यात असलेल्या सहा भारतीय खलाशांपैकी पाच जणांची काल सुटका झाली, उरलेल्या एकासाठी प्रयत्न चालू आहेत, असं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग ते तिसऱ्या परिच्छेदाकडे वळले. "संबंधित सागरी क्षेत्राविषयीचे मतभेद उभय पक्षांनी शांततेच्या आणि चर्चेच्या मार्गाने सोडवावेत, ही भारताची सातत्यपूर्ण भूमिका राहिली आहे." प्रत्येक शब्द ते उच्चारायच्या आधी मला ऐकू येत होता. 'शांततेच्या' नंतर ते किंचित थांबले. तिथे थांबायचं नसतं. बाळाने वस्तरा हवेत धरला आणि म्हणाला, "भाईनू, तुमचो भाचो ह्याच्यात मा? सुटलो काय?" मी हात वर करून थांब अशी खूण केली. खरं तर थांबायला काही उरलं नव्हतं. त्या पाचांत कोण नाही हे मला माहीत होतं, आणि तो का नाही तेही.

ते वाक्य माझं आहे. माझं म्हणजे कुणाचंच नाही, कारण त्या खात्यात वाक्यांना मालक नसतो, पण ते पहिल्यांदा कागदावर आलं ते माझ्या हाताने. मी तिथे तेहतीस वर्षं होतो, टंकलेखक म्हणून लागलो आणि अनुभाग अधिकारी म्हणून निवृत्त झालो. राजदूत वगैरे नाही. गावात लोक तसं समजतात, मी दुरुस्त करत नाही. पूर्वेकडच्या समुद्रात एक बेट आहे, बेट कसलं, ओहोटीला वर येणारा खडक आणि त्यावर एक दीपस्तंभ. एक देश त्याला तोराक म्हणतो, दुसरा लुमान. साठ वर्षं दोघे त्यावर हक्क सांगतायत. दर दोन-तीन वर्षांनी तिथे काहीतरी होतं, कुणी झेंडा लावतं, कुणी कोळ्यांची होडी पकडतं, आणि दिल्लीला काहीतरी म्हणावं लागतं. पहिल्या परिच्छेदात काय झालं ते, दुसऱ्यात आपली माणसं असतील तर त्यांची काळजी, तिसऱ्यात भूमिका. पहिले दोन दर वेळी नवे लिहायचे. तिसरा तसाच राहायचा. शब्दांची एक उतरंड असते, आधी दखल, मग चिंता, मग गंभीर चिंता, आणि एका पायरीवरून दुसरीवर जायला कधी कधी आठ दिवस आणि चार सह्या लागतात. मला ते काम आवडायचं. लोकांना वाटतं की काहीच न म्हणणं सोपं असतं. तसं नाही. दोन्हीकडच्या वकिलांनी भिंग लावून वाचलं तरी कुठे नख रुतू नये असं वाक्य बसवायला मला एक आख्खा पावसाळा लागला होता.

आणि ते मी हौसेने शिकलो नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका टिपणात मी सरळ 'लुमान' लिहून गेलो होतो. वर्तमानपत्रात तसं होतं, मीही तसंच लिहिलं. टिपण बाहेर गेलं, दुसऱ्या देशाचा राजदूत भेटायला आला, चहा पिऊन गेला, एवढंच. पण आमच्या संयुक्त सचिव बाईंनी मला बोलावलं. बाई त्रिचीच्या होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. म्हणाल्या, नाव घेणं म्हणजे बाजू घेणं, आणि ती घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. मग दोन वर्षं मी तळमजल्यावर पाकिटं चिकटवत होतो. चूक माझी होती, शिक्षाही रास्त होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथून वर आलो तो नावं न घेणारा माणूस होऊन. विनीता, माझी बायको, याची थट्टा करायची. आज भाजी वांग्याची करू की दोडक्याची, असं विचारलं की मी म्हणे, बघ तुला काय सोयीचं ते. ती म्हणायची, उभय भाज्यांनी चर्चेने मार्ग काढावा का? तिचं आणि माझ्या आईचं एकदा बिनसलं, देव्हारा कुठल्या भिंतीला लावायचा यावरून सुरू झालं आणि कुठच्या कुठे गेलं. आई चुकली होती, मला ते स्पष्ट दिसत होतं. विनीता फार काही मागत नव्हती, एकदाच म्हणाली, फक्त मला सांगा की माझं बरोबर आहे, त्यांना नका सांगू. मी म्हणालो, तुम्ही दोघी समजूतदार आहात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा तो विषय काढला नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिची आठवण आली की त्या पाहण्याची येते, आणि मला लाज वाटते.

सलूनच्या बाहेर येऊन मी मुंबईला एजंटला फोन लावला. जहाज कंपनीचा एजंट, तिशीतला, बोलायला गोड. "सर, मी तेव्हाच बोललो होतो," तो म्हणाला. "बाकी पाच फॅमिलींनी नमुन्याप्रमाणे लेटर दिलं. तिकडच्या सरकारच्या कमिटीने पाच पास केले. तुमच्या लेटरवर त्यांनी शेरा मारला, जागेचा उल्लेख नाही." मी विचारलं, पुढे काय. "आता नवीन द्या सर, तसंच्या तसं. मी लगेच पुढे पाठवतो. पण कमिटी आता फेब्रुवारीत बसणार." नोव्हेंबरचे पंधरा दिवस झाले होते. मी मनातल्या मनात महिने मोजले आणि फोन ठेवला. गालावर एका जागी साबण सुकून ताणत होता.

देवेश माझ्या बहिणीचा, सुगंधाचा एकुलता एक मुलगा. मिठबावच्या घरात ती आणि तो, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. देवेश मालवाहू जहाजावर डेकवरचा खलाशी. श्रावणात त्यांच्या जहाजाचं इंजिन बिघडलं, त्यांनी नांगर टाकला, आणि जिथे टाकला ती जागा निघाली नेमकी तोराकपासून, किंवा लुमानपासून, सात मैलांवर. ज्यांची गस्त आधी पोचली त्यांनी पकडून नेलं. ते लुमान म्हणणारे. त्यांना खलाशी नको होते, कागद हवा होता. प्रत्येक कुटुंबाने एक विनंतिपत्र द्यायचं, त्यात लिहायचं की आमचा माणूस तुमच्या लुमानच्या हद्दीत चुकून शिरला, क्षमा करून त्याला सोडा. असले कागद कशाला लागतात ते मला ठाऊक होतं. साठ वर्षांच्या फायलीत आणखी एक पान. आणि अशा पानाला कवडीची किंमत नसते, हेही मला ठाऊक होतं. कुणाच्या आईच्या पत्राने बेट कुणाचं होत नाही. दिल्लीतल्या माझ्या जुन्या खात्यात मी फोन केला, तर तिथल्या तरुण अधिकाऱ्याने स्वच्छ सांगितलं, "सर, कुटुंब म्हणून तुम्ही काय लिहिता त्यावर आमचं काहीच म्हणणं नाही. माणूस आधी घरी येऊ दे." याहून स्पष्ट कुणी काय सांगणार?

सुगंधाने तो नमुना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भाई, तू दिल्लीक होतंस. तूच लिव. माका खंयचा काय कळता." मी तीन मसुदे केले. तीन दिवस लागले. पहिल्यात नमुन्यातलं वाक्य होतं तसं उतरवलं आणि माझा हात थांबला. अक्षरशः थांबला, पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका पडला. दुसऱ्यात 'तुमच्या हद्दीत' काढलं. तिसऱ्यात 'लुमान'ही काढलं आणि तिथे 'सदर सागरी क्षेत्रात' असं घातलं. वाचून पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. त्यात नम्रता होती, आईची काळजी होती, क्षमायाचना होती, आणि कुठे नख रुतत नव्हतं. एजंटचा फोन आला, सर त्यांना नाव पाहिजे. मी त्याला म्हणालो, आणि हे माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, "या बाबतीत कुटुंबाला भूमिका घेता येणार नाही." तो म्हणाला, बरं सर. सुगंधाला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने पत्राखाली सही केली, इंग्रजी असल्यामुळे ती वाचणार नव्हतीच, आणि कागद कपाळाला लावून माझ्या हातात दिला.

दुपारच्या एसटीने मी मिठबावला गेलो. आचऱ्यापर्यंत उभा होतो, मग बसायला मिळालं. खिडकीबाहेर काय होतं ते पाहिलं नाही. मी वाक्यं जुळवत होतो. जाऊन तिला सांगायचं हे ठरलेलंच होतं, प्रश्न कसं सांगायचं एवढाच होता, आणि प्रत्येक वाक्यातून मी कसा कोण जाणे वजा होत होतो. पत्रात त्रुटी राहिली. समितीला ते पुरेसं वाटलं नाही. तपशिलाचा उल्लेख राहून गेला. कर्ता नसलेली वाक्यं मला इतकी सहज येतात की मला स्वतःचीच शिसारी आली. घरी पोचलो तर सुगंधा पडवीत बसून सुपात सुकट निवडत होती. रडलेली दिसत नव्हती. सूप बाजूला न ठेवता म्हणाली, "आयकलंस मा? पाच जणांक सोडल्यानी."

"आयकलंय."

"माझोच कित्या ऱ्हवलो, भाई? त्या पाच आवशींनी वेगळा काय केल्यानी?"

इथे सांगायला हवं होतं. तिने वाट अगदी मोकळी करून दिली होती. मी चप्पल काढली, ओळीत लावली आणि म्हणालो, "त्येची एक पद्धत असता गो. येळ लागता." ती मान हलवून पुन्हा सुकट निवडू लागली, बारीक खेकडे काढून बाजूला टाकत. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी तिने शाळेची पाटी फोडली तेव्हा मी मारकुट्या मास्तरांना मीच फोडली म्हणून सांगितलं होतं, वेताच्या चार छड्या खाल्ल्या होत्या. तो मुलगा मला आठवतो, पण ओळखीचा वाटत नाही. थोड्या वेळाने ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "बाबलीक सांगलंय. रामेश्वराक गाऱ्हाणा घालूया म्हणता. चल, तो थयच आसा."

बाबली म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा मानकरी, सत्तरीचा, एका डोळ्याने अधू. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून केलेला अर्ज, पण तोंडी आणि मोठ्याने. मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि मला नेहमी त्यातला काटेकोरपणा आवडत आला. कुणाचं माणूस, कुठल्या घरचं, कुठल्या वाटेने गेलं, आता कुठे आहे, सगळं नीट सांगावं लागतं. देवाला माहीत असेलच असं धरून चालत नाहीत. सभामंडपात बाबली होता, पूजेचे दोघे-तिघे होते, आणि सुगंधा नारळ घेऊन खांबाला टेकून उभी राहिली. बाबलीने माझ्याकडे वळून विचारलं, "भाईनू, पोरगो खंयच्या जाग्यार आसा?"

मी म्हणालो, "परदेशात. समुद्रात धरलो."

"समुद्र मोठो आसा. आपल्या देवाची शीव वेशीपर्यंत. त्याच्या पलीकडे त्या त्या जाग्याचो थळकर असता, त्या जाग्याचो राखणदार. आपल्या देवान त्येका निरोप धाडूचो, म्हणजे तो पोराक वाटेक लावतलो. तेव्हा जाग्याचा नाव व्हया."

पूजेचे लोक माझ्याकडे बघत होते, दिल्लीचा माणूस आता नाव सांगणार म्हणून. मी म्हणालो, "त्या जाग्याच्या नावाबद्दल दोन मतां आसत, बाबली. एक देश एक म्हणता, दुसरो दुसरा."

"मत देवाक नको," बाबली शांतपणे म्हणाला. "नाव व्हया."

"दोनय नावां घेतली तर?"

त्याने चांगल्या डोळ्याने मला निरखलं. त्याला माझा प्रश्न बावळट वाटला नाही, त्याने त्याचा खरोखर विचार केला. "दोन घेतलात तर दोन थळकरांक निरोप जातलो. मगे ह्यो म्हणतलो त्याच्याकडे विचारा, तो म्हणतलो ह्याच्याकडे. पोरगो थयच ऱ्हवतलो." मग म्हणाला, "पोराक धरून कोण बसलो आसा? त्येचा काय ता नाव सांगा."

इतकं सोपं होतं ते. माझ्या खात्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला त्या सभामंडपात पक्कं उमगलं. त्यांनी बोलायचं ते त्यांनी बोलायचंच असतं, एवढ्या मोठ्या देशाला कुणाच्या खडकाचं नाव घ्यायचं की नाही हे ठरवावं लागतं, आणि न घेणं शहाणपणाचंही असेल. पण मी देश नव्हतो. मी एका बाईचा भाऊ होतो आणि तिने मला एक पत्र लिहायला सांगितलं होतं. तळमजल्यावर पाकिटं चिकटवायची भीती मी निवृत्तीनंतर सात वर्षं जपून ठेवली होती आणि तिच्या मुलाच्या जिवावर खर्च केली होती. मी सुगंधाकडे पाहिलं नाही. समोर गाभाऱ्यात समई होती, तिच्याकडे बघत म्हणालो, "लुमान."

मग मोठ्याने पुन्हा म्हणालो, "लुमान."

बाबलीने हात जोडले आणि सुरू केलं. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा, आज ही तुझी सुगंधा तुझ्या पायाकडे उभी आसा. तिचो झिल देवेश, तुझ्या गावातसून पोटासाठी दर्यार गेलो, तो लुमानाच्या जाग्यार अडकान पडलो आसा रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. "त्या लुमानाच्या थळकराक तू निरोप धाड, काय चूकभूल झाली असात ती त्येका पोटात घालूक सांग, आणि पोराक गेल्या वाटेन परत हाड रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." माझ्या तोंडूनही निघालं. जे नाव कागदावर लिहिलं म्हणून मी दोन वर्षं तळमजल्यावर बसलो होतो, ते मिठबावच्या देवळात एका दमात दोनदा मोठ्याने घेतलं गेलं. बाहेर माडांखाली कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, एवढंच.

नारळ फोडून झाल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. सुगंधाने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, "लुमान म्हणालंस नाय? कागदार पण ह्याच लिवलंस मा?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. सहज विचारलं होतं. कर्ता नसलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी रांगेत उभी होती.

"नाय," मी म्हणालो. "मी लिवलंय नाय. त्यांनी लिवा म्हणान सांगलेला. एजंटान परत फोन केल्यान, तरी मी लिवलंय नाय. म्हणान देवेश ऱ्हवलो."

मी तिच्याकडे बघत होतो, बघणं भाग होतं. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. तिने खोबऱ्याचा तिच्या हातातला तुकडा पदरात गुंडाळला आणि विचारलं, "ता पत्र तू कोणासाठी लिवलंस मगे?"

"माझ्यासाठी."

"आता लिवलंस तर चलता?"

"चलता. पण फेब्रुवारीत बघतले."

"फेब्रुवारी म्हणजे किती?"

"तीन म्हयने."

तिने बोटांवर मोजले, मला वाटतं तिचा माझ्या हिशोबावर विश्वास उरला नव्हता. मग उठून बाबलीकडे गेली आणि त्याच्याकडून वहीचा एक कोरा कागद घेऊन आली. मी तो मांडीवर पिशवी ठेवून तिच्यावर पसरला. नमुना मला पाठ होता. माझा मुलगा देवेश याचं जहाज तुमच्या लुमानच्या हद्दीत चुकून आलं. या वेळी पेन थांबलं नाही, फक्त अक्षर वाकडं आलं. मी तिला एकेक ओळ मालवणीत सांगत गेलो आणि ती "व्हय" म्हणत गेली. शेवटी तिने सही केली, सावकाश, पूर्ण नावाने. कागद कपाळाला लावला नाही. तसाच माझ्याकडे सरकवून म्हणाली, "खाली तुझी पण कर."

"माझी कित्याक? आवशीची लागता."

"कर."

तेहतीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याखाली माझी सही नव्हती. मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गाव मिठबाव लिहिलं, तारीख घातली. फोनने फोटो काढून एजंटला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ओके सर, फॉर्मॅट बरोबर आहे. सुगंधा तोवर पायऱ्या उतरून चालू लागली होती. माडांच्या सावलीपाशी ती थांबली, मी गाठेपर्यंत.

"फेब्रुवारीत तो इलो की तू त्येका सांग," ती म्हणाली. "कित्या ऱ्हवलो ता. मी सांगूचंय नाय."

"सांगतलंय."

"माझा नाव घेव नको. देवाचा नको, दिल्लीचा नको. तुझा घे."

मी व्हय म्हणालो. मालवणची शेवटची एसटी सव्वासहाला होती. तिने जेवून जा म्हटलं नाही, आणि मी थांब्यापर्यंत एकटा चालत गेलो.